मुक्कामाचे भाग

४ जून

प्रिय भाचेबाई,

तुझं पत्र पोचलं. ‘मामा, बाबा फक्त तुमचं ऐकतात, तेव्हा टिल्लूच्या बाजूने चार ओळी लिहा,’ अशी तुझी आज्ञा. माझं कुणीतरी ऐकतं, हे वाक्य मी तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ‘दूध ओतू जातंय’ एवढंच उत्तर दिलं.

खटला मला समजला तो असा. तुझा धाकटा भाऊ, ज्याला आपण अजून टिल्लू म्हणतो आणि जो आता दारातून वाकून आत येतो, कॉलेजच्या परीक्षेला बसला नाही. तो खोलीत बसून एक जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहतो. त्या मालिकेत एका महाकाय कासवाच्या पाठीवर अख्खं गाव वसलेलं आहे. कासव समुद्राकडे निघालं आहे. नऊशेच्या वर भाग झाले, समुद्राचा पत्ता नाही. प्रश्न असा, की एवढा वेळ द्यावा अशी ही गोष्ट आहे का?

पूर्वपक्ष, म्हणजे तुमची बाजू, आधी मांडतो. शास्त्राचा तसा नियम आहे. मोठी गोष्ट सावकाशच सांगावी लागते. पात्रं पाहणाऱ्याबरोबर वाढतात. रोज एक भाग पाहिला तर जेवणाइतकाच वेळ जातो. मान्य. आता उत्तर. जेवणाने निदान पोट भरतं. नऊशे भागांच्या वेळात माणूस एखादी भाषा शिकतो, पोहायला शिकतो, किंवा एका लग्नातून सावरून दुसरं करतो. ज्या गोष्टीला स्वतःलाच कुठे पोचायची घाई नाही, ती पाहणाऱ्याच्या आयुष्याची कशाला पर्वा करेल? शिवाय कासव निदान चालतं तरी आहे. त्याच्या पाठीवर नुसतं बसून राहणाऱ्याने समुद्राच्या गप्पा माराव्यात का? निकाल: नाही.

हे सगळं हसत लिहिलं आहे, तू हसत वाच. भावोजींना सांगताना काय गाळायचं ते तुझं तू ठरव.

आशीर्वाद आहेतच.
मामा

१३ जून

प्रिय मामा,

यापुढे पत्र आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. का ते सांगते.

पाकिटावर तुमचं अक्षर दिसल्यावर बाबांनीच ते उघडलं आणि जेवताना सगळ्यांसमोर वाचलं. तुम्ही हसत लिहिलं होतंत, पण बाबांनी हसत वाचलं नाही. ‘ऐका, विद्वान माणसाचं मत ऐका,’ म्हणून वाचलं. टिल्लू आधी हसला. दुसऱ्या लग्नाच्या वाक्याला तर ‘मामा भारी आहे’ म्हणाला. मग ते पाठीवर नुसतं बसून राहणाऱ्याचं वाक्य आलं. ते बाबांनी दोनदा वाचलं. टिल्लूने पानातलं संपवलं, स्वतःचं ताट धुऊन ठेवलं. सकाळी त्याची खोली आवरलेली होती आणि तो नव्हता.

फोन बंद आहे. चार्जर टेबलावरच आहे. मित्रांकडे नाही, कॉलेजात नाही. पोलिसांत कळवलंय. आई भांडी घासताना मधेच नळ बंद करते, दार वाजलं का ते ऐकायला. काल एका हॉस्पिटलमधून फोन आला, उंच मुलगा आहे, शुद्धीवर नाही, बघून जा. बाबा गेले. तो नव्हता. परत आल्यावर बाबा बूट न काढता पलंगावर बसले आणि म्हणाले, ‘कुणाचा तरी आहेच की तो.’ बाबांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी कामावर येते, कारण घरी बसवत नाही. पण मेणात दात बसवताना लक्ष फोनकडे असतं. काल एका आजोबांच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. सरांनी ती कवळी माझ्यासमोर धरून नुसतं हसवून दाखवली.

आता तुमच्या निकालाबद्दल. टिल्लू पहिलीत होता आणि मी वरच्या वर्गात, तेव्हा आम्ही ही मालिका सुरू केली. आई-बाबांचं भांडण पेटलं की मी त्याला आतल्या खोलीत न्यायचे, दार लावायचे, कासव लावायचे आणि आवाज वाढवायचे. नऊशे भाग आम्हाला कमी कसे पडले ते आता कळलं का? एकाने दुसऱ्याला सोडून पुढे जायचं नाही, हा आमचा नियम. मालिका बघायच्या खात्याचं नावसुद्धा त्याने ‘आम्ही दोघं’ असं ठेवलंय.

आणि तुमचा तो हत्तींच्या औषधांचा ग्रंथ किती वर्षं चालू आहे, मामा? तुमच्या गुरुजींनी सुरू केला होता ना? कुठवर पोचला?

तुमची,
भाची

१९ जून

प्रिय भाचेबाई,

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ चष्मा पुसत बसलो. विनोद करणाऱ्याने तो पुढे कुणाच्या आवाजात वाचला जाईल याचा विचार करावा, हे मला या वयात कळावं ही काही भूषणाची गोष्ट नाही. ते वाक्य मला आवडलं होतं. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलंही होतं. भावोजींनी दोनदा वाचलं म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांच्याआधी ते पुन्हा वाचणारा मी आहे.

इथल्या वसतिगृहांत विचारून आलो. स्टेशनजवळच्या दोन लॉजवर त्याचा फोटो दाखवला. दुसऱ्या लॉजवाल्याने फोटो पाहून मलाच विचारलं, ‘मुलाने काही केलंय, की तुम्ही?’ उत्तर अवघड होतं. मामीने बाहेरच्या खोलीत अंथरूण घालून ठेवलं आहे, उंचीचा विचार करून पायथ्याशी एक स्टूल लावलं आहे. आमच्याकडे यायचं त्याच्या मनात आलं तर बरं, असं ती म्हणते. आणि माझ्याकडे पाहत नाही.

हत्तीबद्दल. आमच्या ग्रंथाची संशोधित आवृत्ती गुरुजींनी पायांपासून सुरू केली. आम्ही सध्या पोटात आहोत. सोंड माझ्या निवृत्तीनंतर येईल. ‘विषय बदलू नकोस’ असं लिहिणार होतो, पण तू बदललेला नाहीस.

मागच्या वर्षी टिल्लू आमच्याकडे राहिला होता तेव्हा तुमचं ते खातं माझ्या संगणकावर जोडून गेला होता. ‘मामा, आधी दहा भाग बघा, मग बोला.’ मी अर्थातच पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. एक जन्म हत्तीला दिला, कासवासाठी दुसरा आणू कुठून? जाता जाता विचारतो, आमच्या संशोधन संस्थेत कुणीतरी बोलत होतं म्हणून: गावाने हाकलून दिलेली ती सुकाणूवाली मुलगी पुढे परत येते का? सहज.

काही कळलं तर पत्राची वाट पाहू नकोस, फोन कर. फोन मला आवडत नाही, हे सध्या विसर.

मामा

२ जुलै

मामा, मामा,

टिल्लू आहे! सापडला नाही, पण आहे. फोनवर सांगणार होते, पण आई सारखी शेजारी असते आणि मला नीट, सगळं लिहायचं होतं.

इतके दिवस मला ते खातं उघडवत नव्हतं. परवा लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत उघडलं. आम्ही जिथे थांबलो होतो तो नवा भाग तिथे नव्हताच. ‘पुढे चालू ठेवा’च्या खाली भाग चोवीस! आणि त्याच्याखालची, किती पाहिलं ते दाखवणारी लाल रेघ निम्म्यावर. काल सत्तावीस. आज एकोणतीस. म्हणजे कुणीतरी पहिल्यापासून बघतंय. मी नाही. तुम्ही तर नाहीच, तुम्ही तसं लिहिलंयच. मग कोण उरलं? त्याची सवय मला माहीत आहे. काही बिनसलं की तो पहिल्या भागापासून सुरू करतो. दहावीला मार्क कमी पडले तेव्हाही केलं होतं.

आईला दाखवलं. ती त्या लाल रेघेवरून बोट फिरवत बसली. ‘इथपर्यंत पाहिलं का त्याने? मग इथे झोप लागली असेल त्याला.’ आज पोटभर जेवली. बाबा पोलिसांना सांगून आले, मुलगा सुखरूप आहे, रागावलाय फक्त, शोध राहू द्या. मित्रांनाही फोन करून सांगितलं, आता हिंडू नका. बाबा म्हणाले, ‘त्याला शोधत राहिलो तर अजून लांब जाईल. बघू दे. आपला येईल.’

मी प्ले दाबत नाही. मी हात लावला तर रेघ हलेल, मग त्याची कुठली आणि माझी कुठली ते कळणार नाही. मी नुसती बघते. सकाळी बघते, कामात हात धुऊन येताना बघते. रेघ हलली की मी दिवसभर ठीक असते.

सुकाणूवाली मुलगी परत येते. पण खूप पुढे, अठ्ठावन्नाव्या भागात. संस्थेतल्या त्या माणसाला सांगा.

भाची

७ जुलै

प्रिय भाचेबाई,

काल तू मधेच फोन ठेवलास. बरोबर केलंस. पण फोनवर मी धड बोललो नाही. ‘रेघ, रेघ’ असंच काहीतरी म्हणत राहिलो, म्हणून आता लिहितो.

ती रेघ माझी आहे.

तुझं पत्र मी संस्थेत, पोथ्यांच्या टेबलाशी उघडलं. ‘आज पोटभर जेवली’ इथवर पोचलो, पुढचं शोध थांबवल्याचं वाक्य वाचलं आणि उठलो. आधी भावोजींना फोन केला, की पोलिसांकडे परत जा, आत्ता जा. ते ‘बरं’ म्हणाले. एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग तुला केला.

लपवलं का, तर निकाल देऊन बसलेला न्यायाधीश चोरून आरोपीच्या घरी जेवायला जाताना कुणाला दिसू नये म्हणून. याहून थोर कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. टिल्लू गेल्याचं कळलं त्या दिवशी मी पहिला भाग लावला. त्याला काय दिसतं ते पाहावं म्हणून लावला. दुसरा मात्र माझ्यासाठी लावला. मामी वाचनालयात कामाला जाते, तेव्हा दुपारी संस्थेतून लवकर निघायचो. खालची भाषांतराची अक्षरं माझ्या डोळ्यांना पुरेनात, म्हणून खात्यातच सगळ्यात मोठी करून घेतली. निम्मं कासव अक्षरांखाली झाकलं जातं. मामीने एकदा पकडलं. ‘त्या मुलीला सांगून टाका,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘काय सांगू? कासव आवडलं म्हणून?’ तेव्हा सांगितलं असतं तर तुझ्या आईचं बोट त्या रेघेवरून फिरलं नसतं.

आणि तेही धड पाहिलं नाही. कुठले भाग मूळ गोष्टीतले नाहीत याची यादी जाणकारांनी इंटरनेटवर देऊन ठेवली आहे. कासव नुसतं थांबतं, लोक घरांची छपरं दुरुस्त करतात, कुणी कुणाशी लढत नाही, असले भाग. मी म्हटलं, प्रक्षिप्त! जन्मभर हेच करत आलो: ग्रंथकाराचं कोणतं आणि मागाहून कुणी घुसवलेलं कोणतं, ते निवडायचं; घुसवलेलं उचलून तळटीपेत टाकायचं. तसेच ते भाग गाळत एक्केचाळीसपर्यंत आलो.

आता हात लावणार नाही. अठ्ठावन्नावा भाग राहिला. राहू दे. ती रेघ यापुढे हलली तर ती माझ्याने हललेली नसेल, एवढं तरी तुला माझ्याकडून मिळू दे.

क्षमा मागा असं तू म्हणाली नाहीस. तरी मागतो.

मामा

१८ जुलै

मामा,

राग गेलेला नाही. आई पुन्हा नळ बंद करून ऐकते. पण आता माझ्याकडे बघून विचारत नाही, कारण मीच तिला ती रेघ दाखवली होती. बाबा पोलिसांकडे पुन्हा गेले तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, ‘या वेळी नक्की हरवलाय ना?’ बाबांनी घरी येऊन ते सांगितलं आणि स्वतःच हसले. ते हसणं मला ऐकवेना.

एकच विचारायला लिहितेय. तुम्ही हात लावणार नाही म्हणालात. रेघ हलली आहे.

एक्केचाळीसवर होती. काल बघितलं तर सतरा. सतरा म्हणजे छपरांचा भाग. आज सकाळी एकोणीस, कासवाच्या अंघोळीचा. दोन्ही फिलर, म्हणजे तुमच्या यादीतले, मूळ गोष्टीत नसलेले. मधला अठरा सोडून. मूळ गोष्ट सोडायची आणि फिलर तेवढे बघायचे, असं जगात कोण करतं?

टिल्लूला फिलर म्हटलेलं चालायचं नाही. ‘मुक्काम म्हण. कासव चालत असतं तेव्हा सगळे फक्त पुढे बघतात. थांबतं तेव्हाच कळतं गावात कोण कोण राहतं.’ मी पुढे ढकलायला लागले की माझ्या हातातून रिमोट काढून घ्यायचा.

पण मी आता असं काही समजून घेणार नाही. मामा, तुम्ही असाल तर सांगा. गाळलेलं पाहावंसं वाटलं असेल, वाईट वाटलं असेल, काहीही असेल. रागावणार नाही. फक्त पुन्हा तसं होऊ देऊ नका. आईला काही सांगितलेलं नाही.

भाची

२५ जुलै

प्रिय भाचेबाई,

मी नाही. मामीची शपथ घेतो. तिच्या समोर बसून घेतो आहे आणि तिची हरकत नाही.

पत्र मिळताच फोनकडे गेलो आणि परत फिरलो. तुझ्या आईच्या पुढ्यात दुसऱ्यांदा खोटी आशा वाढायची माझी हिंमत नाही. नक्की कळेपर्यंत तूही थांब. हे पत्र मी टाकत नाही, पूर्ण झालं की टाकेन.

आज मामीला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं आणि खातं उघडलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं की जुन्या रेघा पुसल्या जातात; मग पाहिलेल्या भागांखाली लाल रेघ पूर्ण होते, न पाहिलेल्यांखाली ती नसते. मी गाळलेल्या भागांखाली ती नव्हती. आता सतराखाली आहे. एकोणीसखाली आहे. तेवीस, अठ्ठावीस, एकतीस, या सगळ्यांखाली आहे. कुणीतरी माझी भोकं ओळीने बुजवत आलं आहे. मी तळटीपेत टाकलेलं उचलून परत मजकुरात ठेवत आलं आहे. एकच गाळलेला भाग शिल्लक आहे, चौतिसावा. तो मात्र उघडून दहाव्या मिनिटावर सोडून दिलेला.

मामी म्हणाली, ‘तुमच्यासाठी ठेवलाय.’

मी म्हटलं, ‘कंटाळा आला असेल. वीज गेली असेल. फोन चोरणाऱ्याने पाहिला असेल.’ एकाच पुराव्याचे दहा अर्थ निघतात हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो, आज पहिल्यांदा ते शिकवल्याचा संताप आला. हात लावणार नाही असा शब्द तुला दिला होता. तो मोडला. दहाव्या मिनिटापासून नाही, सुरुवातीपासून लावला.

काही घडत नाही गं त्यात. कासवाच्या पायात काटा रुतलाय, म्हणून मुक्काम. गावातला एक म्हातारा, जो मला तोवर गर्दीतला वाटत होता, तो रोज खाली उतरतो आणि पायापाशी बसतो. काटा काढता येत नाही त्याला, एवढा तो मोठा आहे. तो नुसता बसतो. शेवटी काटा आपोआप निघतो की नाही, तेही दाखवत नाहीत. मामी डोळे पुसत होती. मी अक्षरं मोठी असल्याचा फायदा घेतला.

२६ जुलै

दुपारी उघडलं. रेघ हललेली नाही. पण खात्याचं नाव बदललं आहे. ‘आम्ही दोघं’ नाही. त्या जागी लिहिलंय:

‘मामा, अक्षरं लहान करा’

मामीने वाचलं, मी वाचलं, मग तिने पुन्हा वाचलं. अक्षरांचं मी फक्त तुला लिहिलं होतं, आणि तू तर खात्याला हातही लावत नाहीस. ती कुणाच्या डोळ्यांची आहेत हे पाहताक्षणी ओळखणारा एकच माणूस आहे.

उत्तर द्यायचं कसं ते कळेना. मामीने शोधून काढलं, नावाशेजारी पेन्सिलीचं चित्र असतं, ते दाबायचं. आता लिहायचं काय? मी मनात मोठा मजकूर जुळवला: माझं चुकलं, ते वाक्य मागे घेतो, परीक्षा गेली तर गेली, वगैरे. तिथे जागा जेमतेम दहा-पंधरा अक्षरांची. त्या जागेने माझ्यावर उपकार केले. मी लिहिलं:

‘जेवलास का?’

२७ जुलै

नाव तसंच आहे. ‘जेवलास का?’ दिवसभर पाहिलं. संस्थेत गेलो नाही. पोटाचा अध्याय पडून आहे. तू हात धुऊन येताना ती रेघ का बघायचीस, ते आज कळलं. मामी म्हणते, सारखं उघडून त्याला घाबरवाल. त्याला कळतं का मी उघडतोय ते? कळत नसावं. कळलं तर बरं, असंही वाटतं.

बसल्या बसल्या माझ्या त्या निकालाचा विचार केला. नऊशे भागांना वेळ द्यावा का, हे मला अजूनही माहीत नाही. माझ्याकडे तेवढा आहे का, हेही माहीत नाही. पण तो वेळ कुठे गेला असं विचारणाऱ्याने आधी विचारावं, की तेव्हा दाराबाहेर काय चाललं होतं. ते मी विचारलं नाही. तुझ्या आई-बाबांच्या घरी मीही जेवायला यायचो, भाचेबाई. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा असायचा. मी म्हणायचो, ‘पोरांना बहिरं करून घ्यायचंय का?’

२८ जुलै

मामी कामाला गेली नाही. आत्ता तिने उघडलं, मला पाहवेना. मी खिडकीशी उभा राहिलो. तिने मोठ्याने वाचलं:

‘हो. आईला सांगा’

ताईला फोन करायला उठतोय. हे पत्र तुला मिळेल तोवर तुला सगळं कळलेलं असेल, तेव्हा खरं तर टाकायची गरज नाही. तरी टाकतो. मधलं काही गाळायचं नाही.

मामा